ओव्हर देताना काही सुटू नये म्हणून: भूल विभागात हस्तांतराची नवी पद्धत कशी रुजवावी

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका नर्सिंग होममध्ये दुपारी दीडला पित्ताशयाची केस संपते. घशातली नळी निघालेली असते, हाक मारली की रुग्ण डोळे उघडतो. भूलतज्ज्ञाचा फोन तिसऱ्यांदा वाजतो. नाशिकरोडला सिझेरियन थांबलंय आणि वाटेत द्वारकेची गर्दी आहे. ट्रॉली रिकव्हरीकडे (ऑपरेशननंतर रुग्णाला काही काळ ठेवतात त्या खोलीकडे) ढकलता ढकलताच सिस्टरला सांगितलं जातं, "पेशंट ओके आहे. ऑक्सिजन ठेवा, काही वाटलं तर फोन करा." आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ओव्हर, म्हणजे रुग्णाची माहिती आणि जबाबदारी पुढच्या माणसाच्या हाती देणं, असाच दिला जातो. मीही अनेक वर्षं असाच दिला.

एका दुपारी तीन वर्षांच्या, बारा किलोच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. भूल लागल्यावर मी पॅरासिटामॉलची सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायचं औषध) दिली, केसपेपरवर लिहिलीही. रिकव्हरीत ओव्हर देताना ती सांगायची राहिली. तासाभराने मूल रडू लागलं आणि सिस्टरने नेहमीच्या ऑर्डरप्रमाणे शिरेतून पॅरासिटामॉल लावलं. तिची काहीच चूक नव्हती. सपोझिटरी डोळ्यांना दिसत नाही, आणि रडणारं मूल समोर असताना केसपेपरची मागची बाजू कुणी उलटून पाहत नाही. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. पुढचे डोस थांबवले, मुलावर लक्ष ठेवलं, त्याला काही झालं नाही. पण ते वाक्य बोलायला मला पाच सेकंद लागली असती, हे मनातून गेलं नाही.

त्यानंतर मी जिथे जिथे काम करते तिथे ओव्हरची पद्धत बदलण्याच्या मागे लागले. काही ठिकाणी ती रुजली, काही ठिकाणी छापलेले कागद गठ्ठ्यातच राहिले. फॉर्म चांगला होता की वाईट, यावर ते फारसं ठरलं नाही. फॉर्म येण्याआधी आणि आल्यानंतर आम्ही काय केलं यावर ठरलं. म्हणून हा लेख मुख्यतः पद्धत रुजवण्याच्या नियोजनाबद्दल आहे. लहान रुग्णालयात याला साधारण तीन-चार महिने लागतात.

आधी पुरावा काय म्हणतो ते बघू

सहकाऱ्यांना पटवायला जाल तेव्हा कुणीतरी विचारेलच, "याने फरक पडतो कशावरून?" उत्तर प्रामाणिक असावं.

२०१८ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या तीन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. ऑपरेशन चालू असताना भूलतज्ज्ञ पूर्णपणे बदलला गेला अशा रुग्णांमध्ये महिनाभरात मृत्यू, पुन्हा भरती किंवा मोठी गुंतागुंत होण्याचं प्रमाण ४४ टक्के होतं, इतरांमध्ये २९ टक्के. रुग्णांमधले इतर फरक हिशेबात धरल्यावरही सुमारे ७ टक्क्यांचं अंतर उरलं. पण २०२२ मध्ये जर्मनीतल्या १२ केंद्रांनी १८१७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून हाच प्रश्न तपासला, तेव्हा दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही: भूलतज्ज्ञ बदलला त्या गटात ३० टक्के, न बदलला त्या गटात ३३ टक्के. म्हणजे माणूस बदलला की रुग्णाला इजा होतेच, असं म्हणता येत नाही.

ओव्हरची पद्धत सुधारल्याने काय होतं, याचा चांगला पुरावा बालरोग विभागांतून येतो. अमेरिका आणि कॅनडातल्या ९ रुग्णालयांत 'आय-पास' नावाची ठरावीक क्रमाची पद्धत आणली गेली आणि २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या. मला यातला सगळ्यात उपयोगी आकडा मात्र वेगळा वाटतो. दर रुग्णामागे ओव्हरला आधी २.४ मिनिटं लागत होती, नंतर २.५. "आमच्याकडे वेळ नाही" म्हणणाऱ्यासमोर मी हाच आकडा ठेवते. तो अभ्यास वॉर्डातला आहे, ओटीतला (ऑपरेशन थिएटरमधला) नाही, हेही त्याच दमात सांगते. "हा कागद लावला की जीव वाचतील" असं वचन देऊ नका. सांगायची गोष्ट सुटणार नाही आणि घेणाऱ्याला प्रश्न विचारायला जागा मिळेल, एवढंच सांगा. तेवढंच पुरेसं आहे.

पायरी पहिली: एकच दरवाजा निवडा

भूल विभागात ओव्हर अनेक ठिकाणी होतो. वॉर्डातून रुग्ण ओटीत येतो तेव्हा, ऑपरेशनच्या मधेच भूलतज्ज्ञ बदलतो तेव्हा, ओटीतून रिकव्हरीत, ओटीतून आयसीयूत, रिकव्हरीतून वॉर्डात, आणि सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठला सिस्टरांची ड्यूटी बदलते तेव्हा. हे सगळं एकदम सुधारायला घेतलं तर काहीच सुधारत नाही. सिव्हिलसारख्या मोठ्या रुग्णालयात आणि वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये दरवाजे वेगळे असतील, पण सुरुवात एकाच दरवाजाने करा.

माझा सल्ला आहे ओटी ते रिकव्हरी. हा ओव्हर रोज होतो, त्यात माणसं मोजकी असतात आणि सुधारणा आठवड्याभरात डोळ्यांना दिसते. तुमच्याकडे हृदय किंवा मेंदूच्या शस्त्रक्रिया जास्त होत असतील तर आयसीयूचा दरवाजा आधी घ्या. तिथे सुटलेली गोष्ट महागात पडते.

पायरी दुसरी: काही बदलण्याआधी नुसतं बघा

ही पायरी सगळे गाळतात, आणि मला सगळ्यात मोलाची हीच वाटते. निदान वीस ओव्हर बघा, त्यात दोन-चार रात्रीचे आणि एखादा रविवारचा असू द्या. बघणारा माणूस त्या केसमध्ये नसावा. हातात पानभर तक्ता ठेवा आणि एवढंच नोंदवा: रिकव्हरीत कोण कोण होतं, बोलणं सुरू झालं तेव्हा मॉनिटर लागला होता का, ॲलर्जी, भुलीचा प्रकार, दिलेली वेदनाशामकं आणि त्यांची वेळ, रक्तस्राव, पुढचा प्लॅन यातलं काय बोललं गेलं, घेणाऱ्याने प्रश्न विचारला का, मधे कितीदा व्यत्यय आला, एकूण किती वेळ लागला. नावं लिहू नका. डॉक्टरचं नाही, सिस्टरचंही नाही. नावं लिहिली जातायत असा संशय आला की लोक तुमच्यासमोर वेगळं आणि तुमच्या माघारी वेगळं वागतील.

कुणी बघतंय म्हटल्यावर पहिले काही ओव्हर नेहमीपेक्षा चांगले होतात. ते मोजू नका, चौथ्या-पाचव्यापासून धरा.

म्हसरूळच्या आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न संस्थेत तुम्ही शिकवत असाल तर पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून हे काम छान होतं. मात्र त्याचा शोधनिबंध करायचा असेल तर नैतिक समितीची परवानगी आधी घ्या, नोंदी गोळा करून झाल्यावर नाही.

आमच्या पहिल्या पाहणीत दोन गोष्टी दिसल्या आणि दोन्ही अनपेक्षित होत्या. एक, बऱ्याचदा आम्ही बोलत असताना सिस्टर ऑक्सिजनची नळी जोडत होती, म्हणजे तिचे कान आमच्याकडे होते आणि लक्ष सॉकेटकडे. दोन, सलाइनची बाटली हातात धरून उभे असलेले वॉर्डबॉय मामा खूप काही ऐकत होते आणि वॉर्डात पोहोचल्यावर तेच अर्धवट सांगत होते. म्हणजे मामाही ओव्हरचा भाग होते, फक्त आम्हाला ते माहीत नव्हतं.

पायरी तिसरी: घेणाऱ्यांना आधी विचारा

आता माणसं जमवा. पुढाकार एकट्या भूलतज्ज्ञाने घेतला तर पद्धत "मॅडमचा फॉर्म" होऊन बसते, आणि मॅडम नसतील त्या दिवशी बंद पडते. म्हणून जोडी हवी: एक भूलतज्ज्ञ आणि एक रिकव्हरीच्या इन्चार्ज सिस्टर. सोबत एक सर्जन, एक आरएमओ (रुग्णालयातले निवासी डॉक्टर), ओटी टेक्निशियन आणि रात्रपाळीच्या एक सिस्टर. रात्रपाळीच्या सिस्टरला बैठकीत घ्यायचं तर बैठक सकाळी साडेआठला ठेवावी लागते. ठेवा.

बैठकीत पहिला प्रश्न घेणाऱ्यांसाठी: "आम्ही गेल्यावर तुम्हाला कशाची भीती वाटते?" आम्ही हा प्रश्न विचारला तेव्हा आमच्या यादीत नसलेली उत्तरं आली. पाणी कधी द्यायचं? पाय कधी हलायला हवेत? लघवीची नळी नाही, मग किती तास थांबायचं? नातेवाईक सारखे विचारतात, त्यांना काय सांगू? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोन नक्की कुणाला करायचा, सर्जनना की तुम्हाला, आणि रात्री दोनला केला तर चालेल का? आम्ही भुलीच्या औषधांचे डोस सांगत होतो. सिस्टरांना पुढचे चार तास कसे काढायचे ते हवं होतं. फॉर्मची रचना त्या दिवशी ठरली.

पायरी चौथी: एका पानाची चिठ्ठी आणि बोलायचा क्रम

फॉर्म एकाच पानाचा असावा, एकाच बाजूचा. मागची बाजू कोरी ठेवा, तिथे लिहिलेलं कुणी वाचत नाही. त्यावरचा क्रम असा:

सर्वांत वर रुग्णाचं नाव, वय, वजन, आयपीडी (भरती) नंबर, ऑपरेशन आणि बाजू, ॲलर्जी. मग तब्येतीचा एक शब्द: स्थिर, लक्ष ठेवा, किंवा चिंताजनक. हा शब्द सुरुवातीलाच यावा, म्हणजे पुढचं सगळं त्या उजेडात ऐकलं जातं. त्यानंतर जुने आजार आणि चालू गोळ्या. मग भूल: कोणती, स्पायनल (पाठीच्या मणक्यातून दिलेली) असेल तर किती वाजता, त्यात मॉर्फिन घातलं होतं का (घातलं असेल तर श्वासावर २४ तास लक्ष हवं), पूर्ण भूल असेल तर नळी घालायला त्रास झाला का, स्नायू शिथिल करणारं औषध पूर्ण उतरलं आहे का. तुमच्याकडे नर्व्ह स्टिम्युलेटर असेल तर टीओएफ गुणोत्तर (स्नायूंची ताकद किती परतली याचं माप) ०.९ झालं की नाही ते लिहा. घशात गॉझ पॅक ठेवला असेल तर तो काढल्याची स्वतंत्र चौकट हवी. मग वेदनाशामक, उलटीचं औषध, अँटिबायोटिक, प्रत्येकाची वेळ आणि पुढच्या डोसची वेळ. सपोझिटरीची चौकट वेगळी आणि ठळक. ती का आहे ते तुम्हाला आता ठाऊक आहे. मग सलाइन, रक्त, रक्तस्राव, लघवी. शेवटी दोन-तीन 'जर-तर' आणि फोन नंबर.

पण कागद भरणं म्हणजे ओव्हर देणं नाही. कागद बोलण्याला आधार देतो, बोलणं क्रमानेच व्हायला हवं. आम्ही चार टप्पे ठरवले. आधी रुग्ण: ऑक्सिजन, बोटाला सॅच्युरेशनचा क्लिप, बीपी, ईसीजी, आणि पहिले आकडे मोठ्याने वाचायचे. तोवर एक शब्दही बोलायचा नाही. मग शांतता: फोन खिशात, पडद्यापलीकडच्या गप्पा बंद. मग एकच माणूस बोलतो, आधी भूलतज्ज्ञ, मग सर्जन किंवा त्यांचा सहायक. शेवटी घेणाऱ्या सिस्टर मुख्य गोष्टी उलट सांगतात आणि प्रश्न विचारतात.

एक नमुना देते. सटाण्याच्या आजी, खुब्याचं हाड मोडलं होतं, स्पायनलखाली सांधा बदलला.

"सिस्टर, मॉनिटर लागला का? आकडे?"

"सॅच्युरेशन ९८, पल्स ८४, बीपी ११६-७०, मॅडम."

"छान. आता ऐकता?" (केसपेपरवरून नाव, वय, आयपीडी नंबर वाचून) "वय अडुसष्ट, वजन ४८ किलो. ॲलर्जी नाही. आत्ता स्थिर आहेत, पण लक्ष ठेवा. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. स्पायनल ११:१० ला, त्यात मॉर्फिन नाही. सिमेंट टाकताना बीपी ८४ वर गेला, मेफेन्टरमिन ६ मिलिग्रॅम दिलं, लगेच सुधारला. रक्तस्राव तीनशेच्या आसपास, सलाइन बाराशे, लघवी दीडशे. साडेबाराला शुगर १६४. पॅरासिटामॉल शिरेतून ७०० मिलिग्रॅम १२:४० ला, म्हणजे ६:४० च्या आत पुन्हा नको. आजींना उजव्या कानाने कमी ऐकू येतं आणि त्या अहिराणीच बोलतात, सूनबाई बाहेर आहेत, त्यांना आत घ्या. कवळी सूनबाईंकडे आहे. बीपीचा वरचा आकडा १०० च्या खाली आला तर ऑक्सिजन वाढवा, आरएमओंना बोलवा आणि मला फोन करा. साडेतीनपर्यंत दोन्ही पायांची बोटं हलली नाहीत तरीही फोन करा."

"म्हणजे मॅडम, बीपी शंभरच्या खाली गेला तर आरएमओ आणि तुम्ही. साडेतीनला बोटं बघायची. पॅरासिटामॉल ६:४० नंतर. पाणी कधी?"

"उलटी नसेल तर दोन तासांनी घोट घोट."

एवढं सांगायला दीड-दोन मिनिटं लागतात. यातले बीपीचे आणि वेळेचे आकडे त्या आजींसाठी आहेत. दुसऱ्या रुग्णाला ते जसेच्या तसे लावू नका, प्रत्येकाचा 'जर-तर' वेगळा लिहा. छापील 'जर-तर' कुणी वाचत नाही.

आणि अहिराणीचा उल्लेख मी मुद्दाम ठेवला. कळवण, सुरगाणा, पेठ, मालेगाव, सटाणा इथून आपल्याकडे रुग्ण येतात. भुलीतून उठलेल्या माणसाला त्याच्या बोलीत हाक मारली तर तो लवकर शुद्धीवर येतोय का हे नीट कळतं, आणि घाबरून सलाइन ओढून काढत नाही. हे फॉर्मच्या चौकटीत बसत नाही, पण ओव्हरमध्ये असायला हवं.

पायरी पाचवी: भूलतज्ज्ञ कधी निघेल ते लेखी ठरवा

परदेशातल्या बहुतेक लेखनात गृहीत असतं की भूलतज्ज्ञ त्याच इमारतीत आहे. नाशिकमध्ये आमच्यापैकी अनेकजण दिवसाला तीन-चार ठिकाणी केस करतात. सकाळी इंदिरानगर, दुपारी पंचवटी, संध्याकाळी नाशिकरोड. ही आपल्या व्यवस्थेची वस्तुस्थिती आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून आणलेली पद्धत टिकत नाही. म्हणून रुग्णालयाशी एक साधा लेखी करार करा.

त्यात हे असावं. रिकव्हरीत ऑक्सिजन, सक्शन, मॉनिटर आणि अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) चालू स्थितीत असतील. नसतील तर रुग्ण ओटीतच थांबेल. भूलतज्ज्ञ रुग्णाला शुद्ध, श्वास, रक्तदाब, हालचाल आणि सॅच्युरेशन या पाच गोष्टींवर तपासून मगच निघेल. अशा पाच गोष्टींना गुण देणारं अल्ड्रेट गुणांकन १९७० पासून वापरात आहे. दहापैकी नऊ किंवा अधिक गुण झाले की रुग्ण रिकव्हरीतून हलवायला योग्य, असा त्याचा सर्वमान्य वापर आहे. तेवढे गुण व्हायच्या आत निघावंच लागलं तर भूल देता येणारा, श्वासनलिका सांभाळता येणारा दुसरा डॉक्टर जागेवर असायलाच हवा, आणि त्याचं नाव चिठ्ठीवर. आरएमओ हुशार आणि कष्टाळू असतात, पण प्रत्येक आरएमओला श्वासनलिका सांभाळण्याचा सराव नसतो. हे उघड बोला, त्यात कुणाचा अपमान नाही.

फोनचंही ठरवा. गाडी चालवताना फोन उचलता येत नाही, म्हणून दुसरा नंबर हवा, आणि तो दुसरा माणूस आधी विचारलेला असावा. पुढच्या केसची वेळ घेताना सर्जनना ओव्हरची दहा मिनिटं धरून सांगा. सुरुवातीला कुरकुर होईल. मी ठाम राहायला शिकले आणि त्यामुळे माझी एकही केस गेली नाही.

पायरी सहावी: पाच रुग्णांवर करून बघा, मग बदला

फॉर्मच्या हजार प्रती लगेच छापू नका. पन्नास झेरॉक्स पुरेत. एक ओटी, एक आठवडा, पहिले पाच रुग्ण. संध्याकाळी जोडीने दहा मिनिटं बसा: कुठली चौकट रिकामी राहिली, कशासाठी सिस्टरला पुन्हा फोन करावा लागला, काय दोनदा लिहावं लागलं. मग फॉर्म बदला आणि त्याच्या कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांक टाका. आमची सातवी आवृत्ती टिकली. दुसऱ्या आवृत्तीत एका सिस्टरने सुचवलं की ॲलर्जी लाल शाईत लिहावी. तिसऱ्या आवृत्तीत ओटीतले मामा म्हणाले की ट्रॉली कुठल्या बाजूने लावायची ते ठरवा, म्हणजे मॉनिटर पोहोचेल. या सूचना छापल्या गेल्या तेव्हापासून फॉर्म त्यांचा झाला.

आवृत्त्या थांबल्या की मगच छपाई, मगच दुसरी ओटी.

शिकवण्याबद्दल

प्रोजेक्टर लावून तासभर भाषण देऊ नका. रिकव्हरीच्या खाटेवर एखाद्या सहकाऱ्याला झोपवा आणि वीस मिनिटांत दोनदा ओव्हर करा: एकदा ट्रॉली ढकलत, घाईत, एकदा ठरल्या क्रमाने. दुसऱ्या वेळी भूमिका बदला. भूलतज्ज्ञ सिस्टर होतो, सिस्टर भूलतज्ज्ञ. ओव्हर घेणाऱ्याच्या जागी उभं राहिल्यावर कळतं की पाच औषधं एका श्वासात ऐकून लक्षात राहत नाहीत. मला स्वतःला तेव्हाच कळलं.

सिस्टर बदलत राहतात. कुणी दुसरीकडे जाते, कुणाचं लग्न होतं, कुणाला सरकारी नोकरी लागते. म्हणून शिकवणं एकदाच करून संपत नाही. नवीन सिस्टरच्या पहिल्या आठवड्यात जुन्या सिस्टरसोबत पाच ओव्हर घ्यायचे, हा नियम तिच्या रुजू होण्याच्या कागदांतच घाला.

सिस्टरला प्रश्न विचारण्याची मुभा तोंडी देऊन भागत नाही. तिने "मॅडम, थांबा, मॉनिटर लागला नाही" म्हटल्यावर तुम्ही थांबलात, हे दोन-तीनदा सगळ्यांसमोर दिसलं की ती मुभा खरी होते. तुम्ही एकदा खेकसलात की महिनाभराचं काम वाया जातं.

काय मोजायचं

कमी मोजा, पण नियमाने मोजा. आठवड्याला दहा ओव्हर पुरेत. त्यात ठरलेल्या मुख्य गोष्टींपैकी किती बोलल्या गेल्या, बोलण्याआधी मॉनिटर लागला होता का, आणि सिस्टरने उलट सांगितलं का. त्याशिवाय एक गोष्ट मी फार मानते: पहिल्या तासात सिस्टरला "हे आधी सांगायला हवं होतं" असं किती वेळा वाटलं. त्यासाठी रिकव्हरीच्या टेबलावर छोटी वही ठेवा, नाव न लिहिता एक ओळ. ती वही आठवड्याला वाचा. तिच्यातून जे कळतं ते कुठल्या टक्केवारीतून कळत नाही.

उलट बाजूही मोजा. ओटी रिकामी व्हायला उशीर होतोय का, पुढची केस लांबतेय का. होत असेल तर मान्य करा आणि क्रम आणखी आटोपशीर करा. आलेख रिकव्हरीच्या भिंतीवर लावा, ऑफिसच्या फाइलमध्ये नको.

एनएबीएचच्या (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) तपासणीसाठी हस्तांतराच्या नोंदी लागतात, म्हणून काही ठिकाणी संध्याकाळी एकदम सगळे फॉर्म भरून ठेवतात. हे दिसलं तर रागावू नका, फॉर्म लहान करा. वेळेवर भरता येत नाही इतका तो मोठा झालेला असतो.

आयसीयू आणि मधेच बदलणारा भूलतज्ज्ञ

पहिला दरवाजा तीन महिने नीट चालला की पुढचे घ्या. आयसीयूच्या ओव्हरमध्ये उपकरणं जास्त असतात, म्हणून कोण काय करणार ते आधी ठरलेलं हवं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाने लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतरचा ओव्हर सुधारताना फॉर्म्युला वन शर्यतीतल्या फेरारीच्या पिटस्टॉप पथकाकडून (शर्यतीत गाडी थांबली की काही क्षणांत चाकं बदलणाऱ्यांकडून) धडे घेतले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तांत्रिक चुका आणि सुटलेली माहिती दोन्ही कमी झाल्या. आपल्याला गाड्या नकोत, पण व्हेंटिलेटर कोण जोडणार, पंप कोण धरणार आणि सगळं पुरं झालं असं कोण म्हणणार, हे ओटीतून निघायच्या आधी फोनवर आयसीयूला कळवा. येण्याच्या दहा मिनिटं आधी.

ऑपरेशनच्या मधे भूलतज्ज्ञ बदलायचा असेल तर काही क्षण वर्ज्य ठेवा: भूल लावताना, नळी काढताना, मोठ्या रक्तवाहिनीवरचा चिमटा सोडताना, रक्तस्राव चालू असताना. शांत टप्प्यावर दोघांनी मिळून रुग्ण, मशीन, सलाइनच्या लाइनी आणि लेबल लावलेल्या सिरिंजा डोक्यापासून पायापर्यंत बघायच्या. फेंटानिलचे (हिशेब ठेवावा लागणाऱ्या अफूवर्गीय वेदनाशामकाचे) ॲम्प्युल दोघांनी मोजून रजिस्टरवर दोघांच्या सह्या. सर्जनना मोठ्याने सांगायचं की आता भूल कोण सांभाळणार आहे. हे सांगितलं गेलं नाही तर अडचणीच्या क्षणी सर्जन गेलेल्या माणसाला हाक मारतात.

सिंहस्थाच्या आधी

२०२७ च्या सिंहस्थात शहरातली रुग्णालयं भरलेली असतील, बाहेरून आलेले डॉक्टर आणि सिस्टर ओळख नसलेल्या माणसांसोबत काम करतील. ओळख असते तेव्हा अर्धवट ओव्हरही चालून जातो, कारण सिस्टरला माहीत असतं की अमुक डॉक्टर काय म्हणायचं विसरतात. अनोळखी माणसांमध्ये ते चालत नाही. पद्धत त्याआधी किमान सहा महिने चालू असेल अशा बेताने पहिला दरवाजा निवडा, आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी चिठ्ठी व बोलण्याचा क्रम मराठीसोबत हिंदीतही छापून ठेवा. फोनची जागा मात्र रिकामी ठेवा, तिथला नंबर रोज सकाळी इन्चार्ज सिस्टर पेनाने लिहितील.